एका वेळी एकच हात

माझ्याकडे पहिल्यांदा येणारी माणसं सुईला घाबरतात. किती आत जाते, रक्त येतं का, आत मोडली तर काय, हे तीन प्रश्न ठरलेले. मी त्यांच्या डोळ्यांदेखत पाकीट फोडते, केसाएवढी बारीक सुई दाखवते आणि म्हणते, घाबरायचंच असेल तर माझ्या तोंडाला घाबरा, सुई बिचारी गरीब आहे. लोक हसतात, अंग सैल सोडतात, माझं काम सोपं होतं. बारा वर्षं मी हा विनोद करत आले. मग एका मंगळवारी जोयड्यात माझ्यासमोर एका बाईच्या जिवावर बेतलं, आणि तिला तिथवर सुईनं नेलं नव्हतं, माझ्या तोंडानं नेलं होतं.

मी कर्नाटकातल्या रामनगरची. घराणं मूळचं खानापूरकडचं, व्यापारी. पाठीच्या दुखण्यानं मी स्वतःच आधी बेळगावला सुया टोचून घ्यायला जायची, आणि बरी झाल्यावर तिथंच शिकायला बसले. आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या बसनं जोयड्याला येते. वह्यापुस्तकांच्या दुकानामागची एक खोली आहे. दोन खाटा, मधे पडदा, एक पंखा आणि भिंतीवर घड्याळ, एवढाच दवाखाना. दाराबाहेरच्या बोर्डावर आधी नुसतं ‘ॲक्युपंक्चर’ होतं. दोन वर्षांपूर्वी त्याखाली ‘वेलनेस कोच’ वाढलं. ते लिहिताना पेंटरनं दोनदा फोन करून विचारलं होतं, बाई, हे नक्की काय असतं, मला चित्र काढायचंय. शेवटी त्यानं एक पान काढलं. कसलं पान ते त्यालाही सांगता येत नाही.

हा कोचिंगचा कोर्स मी मोबाईलवर केला, बराचसा भाकऱ्या थापता थापता ऐकून. वाईट नव्हता. झोप, पाणी, चालणं, जेवणाच्या वेळा, माणसाशी बोलावं कसं, हे सगळं होतं त्यात. माणसाला धीर द्या, त्याचा स्वतःवर विश्वास बसेल असं बोला, यावर तर फारच भर. मला बोलायला कुणी शिकवायची गरज नव्हती, पण गोड बोलायला होती. मी ती वाक्यं पाठ केली. ‘शरीराला सगळं कळतं, त्याच्यावर विश्वास ठेवा.’ ‘काळजी सोडा.’ आणि माझं स्वतःचं एक त्यात घातलं, ‘आता सगळं माझ्यावर सोडा.’ हे वाक्य म्हटलं की समोरच्याचे खांदे खाली येतात, हे मी पाहिलं होतं. म्हणून ते मी सगळ्यांनाच म्हणायची.

दिग्गीकडच्या एका वाडीतून मावशी आल्या त्या दिवशीही म्हटलं. मावशी साठीच्या, जंगलातल्या शेतकरी घरातल्या, उभं आयुष्य भाताच्या खाचरात गेलेलं. अंगावर एक गोष्ट जास्तीची नाही, ना मांस ना शब्द. डावा गुडघा सुजलेला. सोबत सून होती, तिशीची, चटपटीत, बोलण्यात सासूच्या दोन पावलं पुढे. त्या दिवशी बाकावर आणखी तिघं बसली होती आणि परतीची जीप एकची होती, म्हणून सून सारखी घड्याळाकडे बघत होती. नव्या पेशंटचा एक फॉर्म मी छापून घेतलेला आहे. त्यात एक ओळ आहे: ‘इतर आजार व चालू औषधे’. मी पडद्याच्या पलीकडे दुसऱ्याच्या सुया काढत होते. तिथूनच ओरडून विचारलं, “मावशी, गुडघ्याशिवाय दुसरं काय दुखणं?”

“गुडगाच,” मावशी म्हणाल्या.

मी येऊन त्या ओळीसमोर ‘नाही’ लिहिलं. दोन अक्षरं, माझ्याच हाताची. मग बी.पी. मोजलं, कोचिंगमध्ये पहिल्या दिवशी मोजायची शिस्त आहे म्हणून. अगदी छान आलं. मी म्हटलं, मावशी, बी.पी. तर तरण्या पोरीसारखं आहे तुमचं! त्यावर मावशी पहिल्यांदा हसल्या. जायच्या वेळी त्यांनी पिशवीतून एक नारळ काढला, वर विड्याचं पान आणि सुपारी ठेवली, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला मान आवडतो, हे लपवून उपयोग नाही. मी नारळ घेतला आणि म्हणाले, “असू द्या मावशी. आता सगळं माझ्यावर सोडा.” मावशींनी मान हलवली. नारळ शुक्रवारच्या आमटीत गेला.

गुडघा उतरला. दुसऱ्या खेपेला सूज निम्मी होती, तिसऱ्या खेपेला मावशी दाराची पायरी कशाला न धरता चढल्या. त्यांच्या वाडीतल्या आणखी दोन बाया येऊन गेल्या. मी घरी जाऊन जेवताना हे सगळं नवऱ्याला सांगत असे, आणि तो बरं बरं म्हणत भात कालवत असे. कोच म्हणून मी मावशींना रोज अर्धा तास चालायला सांगितलं, तेव्हा सून खुदकन हसली. जीप धरायलाच त्या दोघी तासभर चालून येत होत्या. मीही हसले. त्या दोन खेपांत बी.पी.चं मशीन माझ्या पिशवीच्या तळाशीच राहिलं. चांगलं चाललंय म्हटल्यावर कोण मोजतंय?

चौथ्या खेपेला मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. मावशी आल्या त्या गप्पच, पण त्या नेहमीच गप्प. खाटेवर पडल्यावर म्हणाल्या, “डोस्कं मागनं ठणकतंय ओ. कालधरनं.”

“त्याचीही सुई आहे आपल्याकडे,” मी म्हटलं. काय तो तोरा! डोकं का दुखतंय हे विचारायचं सोडून मी अंगठा आणि बोटाच्या मधल्या जागी आणखी एक सुई लावली. एकूण दहा झाल्या. किती लावल्या ते मी मनात पक्कं करते, तेवढी सवय माझ्या गुरूंनी लावलेली. पंखा वाढवला, पडदा ओढला आणि सुनेशी बोलत बसले. पाचेक मिनिटं झाली असतील.

“बाई,” आतून मावशींचा आवाज आला. “भिताडावर घड्याळं दोन कवा लावलासा?”

भिंतीवर घड्याळ एकच होतं. मी पडदा सरकवला. मावशींचा चेहरा लाल झाला होता आणि त्या डोळे बारीक करून भिंतीकडे बघत होत्या. मी म्हटलं, हलू नका, आणि सुया काढायला लागले. एक, दोन, तीन. गुडघ्याच्या चार, पावलांच्या दोन, हातांच्या. नऊ झाल्या. दहावी सापडेना. सुई अंगात ठेवून पेशंटला हलवायचं नाही, आणि मावशींना तर लगेच उठवून न्यायला हवं होतं. मी पायावरून हात फिरवला, चादर चाचपली, सुनेला म्हटलं, तू बघ, तुझे डोळे चांगले आहेत. सून खाली वाकली. मावशी मधेच म्हणाल्या, “काय हरवलं?” आणि उठून बसायला लागल्या. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना दाबूनच धरलं. दहावी सुई लुगड्याच्या घडीत निघाली. अंगठ्याजवळची, आपोआप गळून पडलेली.

मग मशीन. पिशवी खाटेवर उपडी केली. पट्टा बांधला, बटण दाबलं, मशीननं नुसती चुकल्याची खूण दाखवली. पुन्हा बांधला. आकडे चढत गेले, थांबले, उतरले, आणि २१८ वर १२४ आलं. मी दुसऱ्या दंडावर बांधून बघितलं. तेच.

“मावशी,” मी शक्य तेवढ्या हळू विचारलं, “तुम्हाला बी.पी.ची गोळी आहे का?”

“न्हाई.”

सून खाली बघत होती. मी तिच्याकडे बघत राहिले तेव्हा ती म्हणाली, “हुती. दोन वर्सांमागं आत्तीचं तोंड वाकडं झालं हुतं, तवाधरनं. रोज सकाळी एक. तुमच्याकडं लागल्यावर सोडली.”

आत्ती म्हणजे सासू. तोंड वाकडं झालं होतं म्हणजे झटका येऊन गेला होता. एक झटका येऊन गेलेली बाई तीन आठवडे गोळीशिवाय होती, आणि मी तिच्या गुडघ्याच्या सुजेवर खूश होत होते.

“कुणी सांगितलं सोडायला?” माझा आवाज चढला.

सून माझ्याकडे नवलानं बघायला लागली. “तुमीच की.”

“मी? मी कधी सांगितलं?”

“नारळ घेतलासा न्हवं? आनि म्हनलासा की, सगळं माझ्यावर सोडा.”

मला तेव्हा जे कळलं ते सुनेनं तीन-चार वाक्यांत सांगितलं, आणि ती सांगत असताना माझे कान तापत गेले. त्यांच्या वाडीत औषध देणाऱ्यापुढे नारळ आणि विडा ठेवतात. त्यानं तो घेतला की दुखणं त्याच्या हातात गेलं. मग दुसऱ्या कुणाचं औषध पोटात घ्यायचं नाही. दोघांचं एकत्र केलं तर दोघांचा गुण जातो, आणि ज्यानं नारळ घेतला त्याचा अपमान होतो तो वेगळाच. एका वेळी एकच हात. मावशींनी त्याच दिवशी घरी जाऊन गोळ्यांचं पाकीट शिंकाळ्यात ठेवून दिलं होतं. पहिल्या दिवशी जे बी.पी. मी तरण्या पोरीचं म्हणाले, ते त्या गोळ्यांचं काम होतं. कौतुक मी माझ्याकडे घेतलं होतं.

“आधी सांगायचं नाही?” मी ओरडले. कुणावर ओरडत होते कोण जाणे. मावशींनी डोळे मिटून कपाळ दाबलं, आणि मला एकदम भान आलं की या बाईसमोर आवाज चढवणं म्हणजे तिचं रक्त आणखी चढवणं. मी तोंड मिटलं. फार उशिरा, पण मिटलं.

सरकारी दवाखाना काही लांब नाही, पण मावशींना चालवायचं नव्हतं. सून बाहेर धावली. त्या ज्या जीपनं आल्या होत्या ती अजून भरायची थांबली होती. ती दारात येईपर्यंत मी मावशींना म्हटलं, चला, डॉक्टरांकडे जाऊ. मावशींनी खाटेची कड धरली.

“मी न्हाई येत. तुमी हाईसा की.”

“मावशी, हे माझ्याच्यानं होणारं नाही.”

“हुतंय. गुडगा झाला की न्हाई?”

त्यांचा तो विश्वास मला त्या क्षणी शिवीसारखा लागला. मी कोर्समध्ये हाच विश्वास कमवायला शिकले होते. धीर द्यायची सगळी वाक्यं मला येत होती, आणि माझ्यापासून दूर जा हे सांगायला एकही येत नव्हतं. शेवटी सून आणि मी दोन्हीकडून धरून, जवळजवळ उचलूनच, त्यांना जीपमध्ये बसवलं. खोलीला कुलूप लावलं की नाही आठवत नाही.

जीपमध्ये मावशींचं डोकं सुनेच्या खांद्यावर होतं. मी समोर बसले होते, मांडीवर त्यांची फाईल. निघताना का कोण जाणे, मी ती उचलली होती. फॉर्मवरचं ते ‘नाही’ मला दिसत होतं. डॉक्टर विचारतील, तुम्ही आधी विचारलं नव्हतं का? पेन पर्समध्ये होतं. ‘नाही’ खोडून ‘बी.पी.ची गोळी’ लिहायला कितीसा वेळ लागतो? मी पेन काढलं. टोपण उघडलं. वर बघितलं तर सून माझ्या हाताकडे बघत होती. मी टोपण लावलं. त्या बाईचा जीव जातोय आणि आपण कागद सावरतोय, याची मला इतकी लाज वाटली की पुढचा रस्ता मी बाहेरच बघत बसले.

दवाखान्यात गर्दी होती, पण मावशींना बघून नर्सनं लगेच आत घेतलं. डॉक्टर मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. कानडीत बोलली, शांतपणे. हसायला लावलं, हात वर करायला लावले, बोटं घट्ट धरायला लावली. मावशींचा उजवा हात किंचित सैल आहे असं मला वाटलं. डॉक्टरलाही वाटलं असावं, कारण तिनं ते दोनदा करून घेतलं. मग मला विचारलं, किती दिवस गोळी बंद आहे? मी सांगितलं. का बंद केली? मी फाईल पुढे केली आणि म्हटलं, मी विचारलं नाही. ‘नाही’ मीच लिहिलंय. पोरीनं ते वाचलं, फाईल मिटून माझ्या हातात परत दिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

नर्सनं गोळी आणि पाणी आणलं. मावशींनी ओठ घट्ट मिटले.

“मावशी, गिळा.” मी म्हटलं. मान नाही अशी हलली. डॉक्टर कानडीत सांगून बघत होती, सून मराठीत विनवत होती, आणि मावशी माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांत भीती होती, पण मरायची नव्हती. भलत्याच कशाची होती. सुनेनं माझा दंड धरून मला बाजूला ओढलं.

“तुमी सोडल्याबगर त्या घेनार न्हाईत.”

“सोडलं म्हणजे?”

“तोंडानं म्हना, ‘मी सोडलं’. आनि पाठ फिरवा. तसंच करत्यात.”

मला त्या बाईला सोडायचं नव्हतं. खरं सांगायचं तर गुडघा अजून पूर्ण व्हायचा होता, तो मला पुरता करायचा होता, आणि गोळी आणि सुई दोन्ही चालतात, एकमेकांच्या आड येत नाहीत, हे मला त्यांना सांगायचं होतं. पण ते समजावायला वेळ नव्हता. डॉक्टर घड्याळाकडे नाही, मावशींच्या उजव्या हाताकडे बघत होती.

मी खाटेजवळ गेले. “मावशी, मी सोडलं तुम्हाला.”

त्यांनी डोळे मोठे केले. मग अगदी हळू विचारलं, “माझं काय चुकलं?”

औषध देणारा पथ्य मोडलेल्यालाच सोडतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की साठ वर्षांची बाई माझी माफी मागायच्या तयारीत आहे. “तुमचं काही चुकलं नाही, मावशी, माझं चुकलं,” असं मी म्हणाले, पण पाठ फिरवून म्हणाले, कारण तसंच करायचं होतं. त्यांना ते ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. मागे पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला. मग सून म्हणाली, “घेतली.”

पुढचे तीन तास मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले. दर थोड्या वेळानं नर्स आत जायची, पट्टा बांधायची, आकडा लिहायची. एकदम उतरवायचं नसतं, हळूहळू उतरवायचं, डॉक्टरनं सांगितलं. १९६. पुन्हा १९६. मला वाटलं हे इथंच अडकणार. मग १८४. मी पेशंटांना शांत राहायला श्वास मोजायला शिकवते. चार आकडे आत, सहा बाहेर. त्या दिवशी मला चारपर्यंतही पोचता येत नव्हतं. अडीचच्या सुमारास १७० झालं, आणि मावशींनी दोन्ही हातांनी डॉक्टरची बोटं घट्ट आवळली. दोन्ही सारखी. सून बाहेर येऊन हे सांगताना रडली आणि मग मला म्हणाली, “तुमी खाल्लं का काय सकाळधरनं?” मला तिचं ते विचारणं सोसलं नाही.

दोन दिवस दवाखान्यात ठेवून मावशींना घरी सोडलं.

आता नवा माणूस आला की मी फॉर्म पुढे करत नाही, स्टूल ओढून त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसते. घरातल्या गोळ्यांची पिशवी घेऊन या, सगळीच्या सगळी, मलमं आणि मुळ्यासुद्धा, म्हणते. मुळीचं नाव सांगितलं तर गुण जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी नाव सांगू नये, नुसती दाखवावी. रक्त पातळ करायची गोळी असेल, पोटात बाळ असेल, छातीत मशीन बसवलेलं असेल, तर सुई टोचायच्या आधी मला कळलं पाहिजे. उपाशी येऊ नका, पेज पिऊन या, नाहीतर चक्कर येते. देवऋष्याकडे जातात तसं इथं उपाशी यायचं नसतं. सुई प्रत्येकाला नवी, पाकिटातून समोर फोडलेली. टोचल्यावर थोडं जड वाटेल, मुंग्या येतील, पण आग झाली तर लगेच बोलायचं, सोसत पडायचं नाही. आणि डॉक्टरांची गोळी माझ्या सांगण्यानं चालू होत नाही आणि माझ्या सांगण्यानं बंदही होत नाही. कोच म्हणून मी चालण्याबद्दल, झोपेबद्दल, मिठाबद्दल बोलेन. आजार माझ्या ताब्यात देऊ नका. हे एवढं बोलायला पाऊण तास जातो, दोन माणसं कंटाळून निघून जातात, आणि मी त्यांना जाऊ देते. नारळ मी घेत नाही. काहींना राग येतो.

दीड महिना झाला तरी मावशी आल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या असतील. एका शुक्रवारी मी खोली लवकर बंद केली आणि दिग्गीकडच्या जीपमध्ये बसले. उतरल्यावर रस्ता विचारत, चढ चढत, घामाघूम होऊन त्यांच्या अंगणात पोचले. मावशी सोप्यावर डावा पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघा पहिल्या दिवशी होता तसाच, कदाचित जास्तच सुजलेला. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. रागाचं नावही नव्हतं. सुनेला हाक मारली, गूळ-पाणी दिलं, चहा टाकायला लावला, रामनगरच्या माझ्या घरातल्या सगळ्यांची एकेक करून चौकशी केली.

“गोळी घेता ना, मावशी?”

“रोज,” त्या म्हणाल्या, आणि पाकीट काढून मला दाखवलं. एकही दिवस चुकलेला नव्हता.

मग मी बोलायला सुरुवात केली. येतानाच्या जीपमध्ये सगळं जुळवून आणलं होतं. गोळीचं काम वेगळं, सुईचं वेगळं. डॉक्टरांनाही मी विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. दोन्ही एका वेळी चालतात. पैसे नकोत, नारळ नको, मीच दर आठवड्याला इथं येईन. आज सुया आणल्यात, आत्ता लगेच लावते. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग माझ्या हातावर हात ठेवला, मीच आजारी असल्यासारखा.

“तुमी सोडलासा न्हवं, बाई,” त्या म्हणाल्या. “सोडल्याल्या हातात परत जाईत न्हाईत. तुमालाच बाधंल ते.”

“मला काही बाधत नाही, मावशी!”

“तुमाला ठावं न्हाई,” त्या समजुतीनं म्हणाल्या. “नारळाचं तरी कुटं ठावं हुतं?”

मी सुनेकडे बघितलं. तिनं नजर चुकवली. चहा प्यायलो. जीपची वेळ झाली तशी मी उठले. मावशीही उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा, बसा, सून येईल रस्त्यापर्यंत. पण माझ्यामुळे आपण जगलो असं त्या मानत होत्या आणि मला पोचवायला त्यांना स्वतःलाच यायचं होतं. खांबाला धरून उठल्या. उतारावर त्या माझ्यापुढे चालत होत्या, डावा पाय ओढत, वाट दाखवायला. खाली पोचेपर्यंत चार ठिकाणी थांबल्या, आणि प्रत्येक वेळी मागे वळून मलाच विचारलं, “दमलासा काय?”